पडलेल्या लॅपटॉपचें निदान

घरांतील एखादी वस्तु हातांतून निसटून खालीं पडली, तर तिचें काय झालें तें बहुधा त्याच क्षणीं कळतें. कप फुटतो, तांब्याला पोचा पडतो, घड्याळाची कांच तडकते. आणि घरचीं माणसें हळहळून किंवा रागावून त्या प्रकरणाचा निकाल तेथल्या तेथें लावून टाकतात. लॅपटॉप पडला म्हणजे मात्र तसें होत नाहीं. बाहेरून तो पुष्कळदां धडधाकट दिसतो. कोपरा थोडा चेपलेला, एवढीच काय ती खूण. पण बटण दाबावें तर तो जागा होत नाहीं, आणि आंत नेमकें काय बिघडलें आहे तें वरवर पाहणाऱ्याला कळत नाहीं. मग ज्याला जें सुचेल तें तो करूं लागतो. कोणी बटण पुनःपुन्हां दाबतो, कोणी यंत्र पालथें घालून थोपटतो, कोणी सांगतो कीं गेल्या वर्षीं आपल्या मेव्हण्याचा लॅपटॉप असाच पडला होता व तो अमक्या उपायानें सुरू झाला. रोगी एक आणि वैद्य दहा, अशी त्या बिचाऱ्या यंत्राची अवस्था होते.

रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनीं करावी, असें वाग्भटानें अष्टांगहृदयांत सांगून ठेवलें आहे. यंत्राच्या वैद्यालाहि हे तीनहि मार्ग जसेच्या तसे उपयोगी पडतात. फरक इतकाच कीं येथें प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावा लागतो, आणि श्रवण हा एक चौथा मार्ग जोडून घ्यावा लागतो. कारण लॅपटॉपला बोलतां येत नसलें तरी तो पुष्कळ आवाज करतो, व त्या आवाजांना अर्थ असतो. ही रीति कशी चालते, तें दादरच्या एका चाळींतील हकीकतीवरून चांगलें समजेल.

त्या बिऱ्हाडांत आई, वडील, आजी आणि मराठींत पीएच्.डी.चा अभ्यास करणारी मुलगी अशीं चार माणसें. प्रबंध सादर करण्यास तीन आठवडे उरले होते. रात्रीं नवाच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून मुलगी काम करीत बसली होती, आणि चार्जरची वायर टेबलापासून भिंतीपर्यंत वाटेंत आडवी लोंबत होती. आजी देवघरांतून परत येत असतां त्यांचा पाय वायरींत अडकला. आजी सावरल्या, लॅपटॉप मात्र फरशीवर गेला. घरांत कोणी त्यांना शब्दानेंहि बोललें नाहीं, पण त्या खुर्चीवर जाऊन बसल्या त्या तेथून हलल्या नाहींत. वडिलांनीं यंत्र उचलून टेबलावर ठेवलें आणि पुढल्या अर्ध्या तासांत दहा-बारा वेळां बटण दाबून पाहिलें. दर वेळीं बटणाजवळचा दिवा लागे, आंतील पंखा घरघरे, आणि पडदा मात्र अमावास्येच्या आकाशासारखा काळा तो काळाच राही.

शेजारच्या खोलींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणीं ट्रान्झिस्टर रेडिओ व पुढें टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यांत त्यांचीं बरींच वर्षें लॅमिंग्टन रोडवर गेलीं, आणि संगणक आल्यावर तेंहि काम त्यांनीं पोटासाठीं शिकून घेतलें. चाळींत त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांना बोलावणें गेलें. काका आले, त्यांनीं चष्मा लावला, आणि सर्वांत आधीं वडिलांचा हात त्या बटणावरून बाजूला केला.

“आतां कोणी हें दाबायचें नाहीं,” ते म्हणाले, आणि मुलीकडे वळून त्यांनीं प्रश्नांना आरंभ केला. पडला तेव्हां चालू होता कीं बंद? कोणत्या बाजूवर पडला? वायर त्या वेळीं लावलेली होती कां? पडल्यानंतर वास, धूर, ऊब असें कांहीं जाणवलें कां? आणि पडण्याच्या आधीं त्याची कांहीं कुरबूर होती कां?

हा शेवटचा प्रश्न विचारण्याचें पुष्कळांना सुचत नाहीं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गांठ पडते, त्याला आपल्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्याय म्हटलें आहे. लॅपटॉप पडला व नंतर तो सुरू झाला नाहीं, एवढ्यावरून त्याचा प्रत्येक दोष पडण्यानेंच उत्पन्न झाला असें ठरत नाहीं. या घरीं मुलीला आठवलें कीं बॅटरी महिनाभर लवकर उतरत होती. म्हणजे पुढें तपासांत बॅटरी दुबळी निघाली, तर तो जुना आजार समजावयाचा. आजच्या अपघाताचा पुरावा म्हणून तो धरावयाचा नाहीं. चालू असतां पडला, डाव्या मागच्या कोपऱ्यावर पडला, वास नाहीं, ऊब नाहीं, एवढी माहिती प्रश्नांनीं मिळाली.

फरशीवर पडण्याचा मार म्हणजे केवढा असतो, याची कल्पना थोड्या गणितानें येते. टेबलाची उंची ७५ सेंटीमीटर धरली, तर खालीं येण्यास साधारण ०.४ सेकंद लागतो, व टेंकतांना यंत्राचा वेग ताशीं सुमारें १४ किलोमीटर असतो. ऐकावयास हा वेग कांहींच नाहीं. सायकलवाला याहून जोरांत जातो. घात करतें तें थांबणें. पडलेली उंची आणि थांबावयास मिळालेलें अंतर यांचें जें गुणोत्तर, तितक्या पट भार थांबतांना यंत्रावर येतो. गादीवर पडलेलें यंत्र गादी दबत दबत ४ सेंटीमीटरांत थांबलें, तर हा भार गुरुत्वाच्या १९ पट होतो. कठीण फरशीवर तेंच यंत्र कोपरा चेपून २ मिलिमीटरांत थांबतें, आणि भार ३७५ पटींवर जातो. एखाद्या ८ ग्रॅमांच्या सुट्या भागाला त्या क्षणीं ३ किलोंच्या वजनासारखी ओढ लागते. आंत जें जें केवळ खांचेंत बसविलेलें आहे किंवा नुसत्या चापानें धरलेलें आहे, तें तें अशा वेळीं जागचें हलूं पाहतें. जें जें डाकाच्या बारीक थेंबांनीं मुख्य पाटीला चिकटलेलें आहे, त्याचे सांधे तडकूं शकतात. निदान करणाराला ही गोष्ट आशेची आहे आणि भीतीचीहि. हललेली वस्तु पुन्हां बसवितां येते, तडकलेला सांधा घरीं जोडतां येत नाहीं.

प्रश्नांनंतर दर्शन. काकांनीं विजेरी घेऊन यंत्र सर्व बाजूंनीं न्याहाळलें. कोपरा चेपला होता, बिजागरी सरळ होती, पडद्याची कांच शाबूत होती, चार्जरचें भोंक वांकडें झालेलें नव्हतें. नंतर त्यांनीं यंत्र टेबलाच्या सपाट जागीं ठेवून बोटानें चारी कोपरे हलकेच दाबून पाहिले. हें करण्याचें कारण बॅटरी. आजकालच्या लॅपटॉपमध्यें लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. मारानें तिच्या आंतील पातळ पापुद्रे एकमेकांस भिडले, तर ती तापते, फुगते आणि कधीं कधीं पेट घेते. तेंहि पडल्याबरोबर नव्हे, कांहीं तासांनीं. यंत्राची पाठ फुगून तें टेबलावर डुगडुगूं लागलें असेल, टचपॅड वर उचललें गेलें असेल, गोडसर उग्र वास येत असेल किंवा बंद यंत्र हाताला गरम लागत असेल, तर निदान तेथेंच थांबवावें. चार्जर काढावा, यंत्र पडदे-गाद्यांपासून दूर मोकळ्या फरशीवर ठेवावें, आणि जाणत्याला बोलवावें. फुगलेल्या बॅटरीला टांचणी लावून हवा काढणारे शूर पुरुष या जगांत आहेत. त्यांच्याविषयीं अधिक न बोललेलें बरें.

येथें बॅटरी ठीक होती. दिवा लागतो व पंखा फिरतो, ही माहिती वडिलांच्या दहा-बारा प्रयोगांतून फुकट मिळालेली होती, आणि तिच्यावरून चार्जर, त्याचें भोंक व वीज वाटणारा भाग यांच्यावरील बराचसा संशय दूर झाला. सर्वच घरीं हें भाग्य नसतें. दिवाहि लागत नसेल, तर शोध भिंतीपासून सुरू करावा लागतो. ज्या सॉकेटांत वायर घातली आहे त्यांत दुसरा दिवा लागतो कां तें पाहावें. मग त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून पाहावा. गोल तोंडाच्या जुन्या चार्जरचा दाब मल्टिमीटरनें मोजतां येतो, व तो साधारण १९ ते २० व्होल्ट भरतो. यूएसबी-सी तोंडाचा चार्जर मात्र यंत्राशीं बोलणें झाल्याखेरीज पुरा दाब सोडीत नाहीं. त्याला मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट किंवा शून्य पाहणारा मनुष्य चांगला चार्जर केरांत टाकतो. चार्जर ठीक असेल तर तो काढून ठेवावा, बटण अर्धा मिनिट दाबून धरावें, म्हणजे आंत सांचलेला विद्युद्भार निघून जातो. नंतर चार्जर लावून पुन्हां एकदां पाहावें. अडून बसलेलीं कांहीं यंत्रें एवढ्यानें उठतात. उठलीं नाहींत, तर पडतांना चार्जरचें भोंक मुळापासून उखडलें असण्याचा संभव मोठा असतो, विशेषतः वायर लावलेली असतां त्याच अंगावर यंत्र पडलें असेल तर.

वडिलांना वाटलें कीं आतां काका यंत्र चालू करून पडदा तपासतील. काका तें करीनात.

“अहो, चालू केल्याशिवाय कळणार कसें?” वडील म्हणाले.

“यंत्राचें कळेल हो सावकाश. ह्यांत लिहिलेलें काय आहे तें आधीं बाहेर येऊं द्या,” काका म्हणाले, आणि त्यांनीं मुलीला विचारलें, “बाळ, ह्यांत पुन्हां न मिळणारें असें काय आहे?”

प्रबंधाचीं प्रकरणें गुरूंकडे पत्राबरोबर गेलेलीं होतीं. गेल्या चार दिवसांचें लिखाण तेवढें गेलें नव्हतें. छायाचित्रें फोनमध्यें होतीं. पण मुळशीच्या बाजूच्या खेड्यांत हिंडून तिनें १८ वृद्ध बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या ६३ फाइली केवळ या लॅपटॉपवर होत्या. ध्वनिमुद्रकाचें कार्ड ती दर खेपेस रिकामें करीत असे. त्या १८ बायकांपैकीं तिघी आतां हयात नव्हत्या. हें सांगतांना मुलीचा आवाज बसला, आणि खुर्चींतल्या आजींनीं मान खालीं घातली.

पडलेल्या लॅपटॉपविषयीं दोन निरनिराळे प्रश्न असतात, आणि लोक ते एकच समजतात. यंत्र जगेल काय, हा एक. आंतील लिखाण जगेल काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर वाईट आलें तर पैसे जातात. दुसऱ्याचें उत्तर वाईट आलें तर जें जातें तें बाजारांत मिळत नाहीं. आणि पहिल्याचें उत्तर शोधतांना केलेला उतावीळपणा दुसऱ्याला बाधतो, ही यांतली खरी मेख आहे.

तें कसें, हें समजण्यास लिखाण कशावर असतें तें पाहिलें पाहिजे. या घरचें यंत्र सात-आठ वर्षांचें जुनें होतें व त्यांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. आय्‌बीएम् कंपनीनें १९५६ मध्यें या जातीचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवडंबरावर ५० लाख अक्षरें मावत. आज एका फाइलींतील ओव्यांना त्याहून जास्त जागा लागते. लॅपटॉपमधील डिस्क तळहाताएवढी असते. तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि वाचणारें मस्तक तिला न टेंकतां हवेच्या पातळ थरावर तरंगत राहतें. तबकडी व मस्तक यांतील अंतर कांहीं नॅनोमीटर असतें; माणसाचा केस त्याच्या हजारों पट जाड भरेल. डिस्क फिरत असतां धक्का बसला, तर मस्तक तबकडीवर आपटून तिला ओरखडा पाडूं शकतें. २००३ मध्यें आय्‌बीएम्‌नें आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्यें पडण्याची चाहूल घेणारा एक भाग बसविला. यंत्र खालीं येऊं लागलें कीं फरशी लागण्यापूर्वींच मस्तक बाजूला नेऊन ठेवावयाचें, अशी ती युक्ति. ०.४ सेकंद आपल्याला क्षणभर वाटला, तरी त्या मस्तकाला तो पुरतो. पुढें इतरांनींहि ही युक्ति उचलली. परंतु प्रत्येक यंत्रांत ती असतेच असें नाहीं.

आतां समजा, मस्तक एकदां आपटलें आहे व तबकडीवर बारीक कण उडाले आहेत. अशी डिस्क जितके वेळां फिरवावी तितके वेळां ते कण मस्तकाखालीं सांपडून नवे ओरखडे पाडतात. बटण दाबणें म्हणजे दर वेळीं ती फिरविणेंच होय. म्हणून काकांनीं वडिलांचा हात दूर केला. नवीन लॅपटॉपमध्यें फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी नांवाची स्थिर स्मृति असते. तिच्यांत हलणारा भागच नसल्यामुळें पडण्याचें भय पुष्कळ कमी. ती खांचेंतून सैल होते, क्वचित् तिच्या पाटीला तडा जातो, परंतु ओरखड्याचा प्रश्न तेथें येत नाहीं. कांहीं यंत्रांत ही स्मृति मुख्य पाटीवरच डाकानें पक्की केलेली असते. तेथें लिखाण वेगळें काढणें जवळजवळ अशक्य; यंत्र जगलें तरच लिखाण जगेल. विकत घेतांना हा विचार दुकानांत कोणी सांगत नाहीं.

काकांनीं चार्जर काढून यंत्र पालथें केलें आणि कोऱ्या कागदावर त्याच्या पाठीचा आकार काढला. प्रत्येक स्क्रू काढला कीं तो कागदावर त्याच्या त्याच्या जागीं ठेवावयाचा. हें पाहून वडिलांना हसूं आलें. पण त्या स्क्रूंत लांब व आंखूड असे दोन प्रकार होते, आणि आंखूड जागीं लांब स्क्रू घुसविल्यास तो खालच्या पाटींत शिरून नवाच बिघाड करतो. झांकण नखानें व जुन्या प्लास्टिकच्या कार्डानें हळूहळू उकललें. आंत हात घालण्यापूर्वीं त्यांनीं खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, म्हणजे अंगावरची घर्षणाची वीज निघून गेली. आणि पहिलें काम बॅटरीची जोडणी सोडविण्याचें केलें. दुसरें काम डिस्क काढून मऊ कापडावर ठेवण्याचें. ती हातांत घेतल्यावर त्यांनीं ती हलविली नाहीं, कानाशीं नेऊन खुळखुळविली नाहीं. बाहेरून शाबूत दिसते, एवढेंच ते म्हणाले.

आतां यंत्र मोकळें झालें. त्याच्यावर हवे तितके प्रयोग करण्यास हरकत नव्हती.

डिस्कवांचून बॅटरी व चार्जर जोडून काकांनीं बटण दाबलें. दिवा, पंखा, आणि काळा पडदा. पंखा थोडा वेळ फिरे, थांबे, व पुन्हां फिरूं लागे. त्यांनीं खोलींतला दिवा मालवून पडद्यावर विजेरी तिरकी धरली. पडद्यामागचा प्रकाश गेला असेल तर असें केल्यानें चित्र अंधुक दिसतें. कांहीं दिसलें नाहीं. मग एचडीएमआयची वायर घालून यंत्र दूरदर्शन-संचाला जोडलें. तेथें चित्र उमटलें असतें, तर दोष पडद्यांत किंवा बिजागरींतून जाणाऱ्या त्याच्या चपट्या वायरींत ठरला असता. तेथेंहि कांहीं नाहीं. कॅप्स लॉकची कळ दाबली. तिचा दिवा हुकमाप्रमाणें लागेना, आपल्या मनानें लुकलुकत राहिला. कांहीं यंत्रें अशा वेळीं लुकलुकण्याऐवजीं टिंव्‌ टिंव्‌ असे आवाज काढतात. या खुणांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो, व तो त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. एका कंपनीचा कोश दुसरीला लावूं नये.

येथपर्यंत एवढें निश्चित झालें कीं वीज पोंचते, पण चित्र काढण्याच्या आधींच यंत्र कोठें तरी अडतें. लॅपटॉपला वीज मिळतांच तो आपल्या प्रमुख अवयवांची हजेरी घेतो, आणि या हजेरींत रॅम म्हणजे कामापुरती स्मृति गैरहजर आढळली तर तो पुढें जात नाहीं. रॅमची पट्टी खांचेंत तिरपी घालून खालीं दाबावयाची असते, व दोन बाजूंच्या दोन पातळ चापांनीं ती धरलेली असते. आठ-नऊ ग्रॅमांची ती पट्टी, आणि कोपऱ्यावरचा तो ३७५ पट धक्का. काकांनीं वीज व बॅटरी सोडवून पाहिलें, तों डावीकडचा चाप सुटलेला आणि पट्टी त्या अंगानें केसभर वर आलेली. केसभर म्हणजे खरोखरच तेवढीच. मुलीला ती दाखवूनहि प्रथम दिसेना.

नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याची कसोटी येथें लागते. एक गोष्ट केली व कार्य घडलें, ती नसतांना तें घडत नव्हतें, असें दिसलें तरच ती कारण ठरते. म्हणून एका वेळीं एकच बदल करावयाचा. घाईचा कारागीर रॅम बसवितो, त्याच वेळीं पडद्याची वायर दाबतो, बटणाच्या आकाराची छोटी बॅटरीहि काढून घालतो. यंत्र सुरू होतें, पण काय दुखत होतें तें त्यालाहि कळत नाहीं, आणि आठ दिवसांनीं तेंच दुखणें परत आलें कीं तो पुन्हां आरंभापासून चांचपडतो. काकांनीं पट्टी काढली. तिचीं सोनेरी टोंकें स्वच्छ होतीं, म्हणून तीं खोडरबरानें घांसलीं नाहींत. पट्टी खांचेंत पुरती बसवून दोन्ही चाप लागल्याचा टक् असा आवाज ऐकला, आणि यंत्र जोडून बटण दाबलें.

जवळजवळ एक मिनिट कांहींच झालें नाहीं. स्मृति हलवून पुन्हां बसविली म्हणजे पहिल्या खेपेस यंत्राला तिची ओळख करून घेण्यास वेळ लागतो. या मिनिटांत धीर सुटून पुष्कळांनीं चांगलीं यंत्रें बंद केलेलीं आहेत. मग पडदा उजळला, आणि सुरुवात करण्यास डिस्क सांपडत नाहीं असा इंग्रजी संदेश त्यावर आला. तो वाचून वडिलांचा चेहरा उतरला. काका मात्र प्रथमच हंसले. डिस्क त्यांनींच काढून ठेवलेली होती, तेव्हां ती न सांपडणें हाच शहाणपणा होता; यंत्र शुद्धीवर होतें.

तोंवर साडेदहा वाजून गेले होते. कोणी तरी आजींना यंत्र सुरू झाल्याचें सांगितलें. “आणि त्या बायका?” आजींनीं विचारलें.

काकांनीं आपल्या घरचा लॅपटॉप व डिस्क जोडण्याचें लहानसें यूएसबी साधन आणलें. जोडण्यापूर्वीं त्यांनीं मुलीला विचारलें कीं डिस्कवर बिटलॉकर वगैरे कुलूप घातलेलें आहे काय. विंडोज यंत्रांत पुष्कळदां मालकाला पत्ता नसतांना हें कुलूप लागलेलें असतें, आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली कीं तो ४८ अंकांची किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत सांपडते, नाहीं तर कोठेंच सांपडत नाहीं. येथें कुलूप नव्हतें. डिस्क जोडली, आणि खोलींतील पंखा बंद करून चौघांनीं कान दिले. मऊ, सरळ घरघर. ठरावीक ठेक्यांत टक्-टक् असा आवाज आला असता, तर मस्तक आपली जागा शोधूं शकत नाहीं असें समजून त्याच क्षणीं ती सोडवावी लागली असती. अशी डिस्क बर्फाच्या पेटींत ठेवली म्हणजे चालते अशी एक वदंता आहे. तिच्यामुळें आंत दंव धरतें, आणि उरलेंसुरलें लिखाणहि जातें.

जाणते लोक अशा वेळीं डीडीरेस्क्यू नांवाच्या साधनानें साऱ्या डिस्कची प्रतिमा उतरवून घेतात. तें आधीं निरोगी भाग वाचतें व दुखऱ्या भागाकडे शेवटीं वळतें. काकांना तें अवगत नव्हतें, व तसें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें. त्यांनीं दुसरा क्रम लावला. “ज्या गेल्या त्यांच्या फाइली पहिल्यानें,” ते म्हणाले. तिघींच्या मिळून ११ फाइली होत्या. त्या एकेक करून दुसऱ्या लॅपटॉपवर उतरविल्या, आणि प्रत्येक फाइलीचा आरंभ, मध्य व शेवट ऐकून पाहिला. मग चार दिवसांचें लिखाण. मग हयात बायकांच्या फाइली, वयानें वडील असलेल्यांच्या आधीं. मुलीनें त्यांचीं वयें तोंडपाठ सांगितलीं.

रात्रीं एकच्या सुमारास ६१ फाइली उतरल्या होत्या. बासष्टाव्या फाइलीवर वेग एकदम मंदावला, सरकती रेघ अडली, आणि घरघरींत एक नवा खरखरीत सूर मिसळला. मुलगी म्हणाली, “काका, अजून थोडा वेळ पाहूं या ना.” काकांनीं डिस्क सोडविली. अडलेल्या फाइलीवर पुनःपुन्हां जोर करणें म्हणजे ओरखडा रुंदावणें. त्यापुढचें काम धूलिरहित खोलींत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेचें. त्यांनीं ती जाड कागदांत गुंडाळून डब्यांत ठेवली व डब्यावर तारीख घातली.

लॅपटॉपमध्यें दुसऱ्या दिवशीं नवी एसएसडी बसविली, आणि प्रबंधाचें काम त्याच यंत्रावर पुरें झालें. उतरविलेल्या फाइलींच्या दोन प्रती केल्या. एक घरीं राहिली, दुसरी ठाण्याला मावशीकडे गेली. राहिलेल्या दोन फाइली पौडजवळच्या दोन बायकांच्या होत्या. प्रयोगशाळेनें सांगितलेली रक्कम जुन्या लॅपटॉपच्या किमतीहून अधिक भरली, तेव्हां मुलगी एस्. टी.नें पौडला गेली. पहिल्या बाईनें जातें नसतांना नुसत्या हाताच्या फेऱ्यावर ओव्या म्हटल्या, व मागल्या खेपेस न आलेल्या सात-आठ अधिक म्हटल्या. दुसरी बाई पावसाळ्यांत लेकीकडे गेली होती, आणि ती केव्हां परतेल तें शेजाऱ्यांना सांगतां आलें नाहीं. प्रबंध ६२ ध्वनिमुद्रणांवर सादर झाला. डबा अद्याप कपाटांत आहे.